परदेशी पार्सल अडकतं कुठे? गोधड्या विकणाऱ्या ताईंना उत्तर

प्रश्न वाईच्या एका ताईंचा आहे. त्या हाताने शिवलेल्या गोधड्या आणि कापडी पिशव्या घरून ऑनलाइन विकतात. जर्मनीच्या गिऱ्हाइकाकडे पार्सल पोचल्यावर कराचे पैसे मागितले, म्हणून त्याने ते घेतलंच नाही. अमेरिकेला गेलेल्या गोधडीचं ट्रॅकिंग एकोणीस दिवस ‘मुंबईहून रवाना’ या एकाच ओळीवर थांबलंय आणि तिकडची बाई पैसे परत मागतेय. कुरिअरचा भाव ऐकला तर गोधडीपेक्षा वाहतूक महाग. त्या विचारतात, पोस्ट सोडावं, की परदेशी विक्रीच बंद करावी?

ताई, दोन्ही करू नका. मी सावंतवाडीहून लाकडी खेळणी आणि रंगवलेली लाकडी फळं २०१३ पासून परदेशी पाठवते. गेली काही वर्षं आसपासच्या बचत गटातल्या बायकांची पार्सलंही माझ्याच टेबलावर बांधली जातात. तुम्ही लिहिलंय त्यातलं सगळं मी सोसलंय, काही गोष्टी दोन-दोनदा. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली आहे. पार्सल विमानात क्वचित अडकतं. ते अडकतं कागदावर, आणि त्यातला बराचसा कागद आपण आपल्या घरी, आपल्या हाताने भरलेला असतो. जिथे आपला हात पोचतो तिथे एकही ढिली गाठ ठेवायची नाही, आणि जिथे पोचत नाही तिथलं गिऱ्हाइकाला आधीच स्पष्ट सांगायचं. मी हे असंच सांभाळते.

आधी हे समजून घ्या की टपाल म्हणजे एक कंपनी नाही. कुरिअरवाला तुमच्या दारातून उचलतो आणि त्याचाच माणूस तिकडे दार वाजवतो. टपालात तसं नसतं. आपलं खातं पार्सल मुंबईच्या परदेश डाकघरातून विमानावर चढवतं आणि तिकडे ते त्या देशाच्या टपाल खात्याच्या ताब्यात जातं. देशादेशांमधला हा करार १८७४ सालचा, स्वित्झर्लंडमधल्या बर्नचा. त्यातूनच पुढे जागतिक टपाल संघ झाला आणि भारत १८७६ पासून त्यात आहे. तिकडच्या वाटपाचा मोबदला आपलं खातं त्यांना देतं. त्याचे दर कितीतरी वर्षं संघ ठरवायचा, म्हणून छोटं पाकीट स्वस्तात जायचं. २०१९ मध्ये अमेरिकेने संघातून बाहेर पडायची तयारी केली, जिनिव्हात खास अधिवेशन भरलं आणि देशांना आपले दर आपण जाहीर करायची मुभा मिळाली. त्यानंतर तिकडचं वाटप महागत गेलं.

हे का सांगतेय? कारण तुमच्या अमेरिकेच्या बाई तिकडच्या पोस्टात फोन करतील, तर त्यांना बहुतेक एकच उत्तर मिळेल: पाठवणाऱ्याला विचारा. ते टाळाटाळ करत नाहीत. त्यांचं देणंघेणं आपल्या खात्याशी आहे, आणि आपल्या खात्याचं तुमच्याशी. चौकशीचा अर्ज पावती हातात असलेल्या माणसानेच, म्हणजे तुम्हीच द्यायचा असतो.

आता ते एकोणीस दिवस. ट्रॅकिंगचा नंबर तेरा अक्षरांचा असतो: आधी दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी ‘आयएन’. नऊपैकी शेवटचा आकडा आधीच्या आठांवरून हिशेबाने काढलेला असतो, म्हणून एक आकडा जरी चुकीचा उतरवला तरी संकेतस्थळ ‘असा नंबर नाही’ म्हणतं आणि गिऱ्हाइकाला वाटतं आपण फसवलं. नंबर टाईप करून कधीच पाठवू नका. पावतीचा फोटो पाठवा. ट्रॅकिंगवर ओळ उमटते ती कोणीतरी बारकोड वाचल्यावर. बुकिंगला एकदा, मुंबईत आल्यावर एकदा, बॅगेत बंद होऊन निघाल्यावर एकदा. पुढची ओळ थेट दुसऱ्या देशात ती बॅग उघडल्यावर. मधे पार्सल बॅगेत, बॅग विमान कंपनीकडे, आणि तिथे सुट्या पार्सलचा बारकोड कोणी वाचत नाही. विमानात जागा नसेल तर बॅग इथेच पडून राहते, तिकडे गर्दी असेल तर न उघडता तिथे राहते. दोन्ही वेळा तुम्हाला दिसतं एकच: ‘रवाना’. तोच नंबर तिकडच्या टपाल खात्याच्या संकेतस्थळावरही टाकून बघा. कित्येकदा आपल्याकडे ओळ थांबलेली असते आणि तिकडे ‘कस्टममध्ये’ असं आलेलं असतं. मी हे गिऱ्हाइकाला पार्सल निघायच्या दिवशीच लिहून कळवते: मधे दोन-तीन आठवडे काहीच हलताना दिसणार नाही, घाबरू नका, मी दर सोमवारी स्वतः बघून कळवीन. आणि कळवते, काही नवं नसलं तरी कळवते. पैसे परत मागणारे निम्मे लोक उशिरामुळे मागत नाहीत, शांततेमुळे मागतात.

अमेरिकेचं मात्र वेगळं प्रकरण आहे, ते नीट ऐका. तिथे ८०० डॉलरच्या आतला माल २०१६ पासून जकातीशिवाय जायचा. आपल्यासारख्यांचा सगळा धंदा त्या सवलतीवर उभा होता. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सवलत सगळ्याच देशांसाठी गेली. जकात कोणी गोळा करायची, कशी भरायची हे ठरलेलंच नव्हतं, म्हणून विमान कंपन्यांनी टपाल घ्यायला नकार दिला आणि आपल्या खात्यालाही २५ ऑगस्टपासून अमेरिकेचं बुकिंग थांबवावं लागलं. दिवाळी तोंडावर. फराळाचे डबे, आकाशकंदील, माझी खेळणी, सगळं बांधून तयार, आणि घ्यायला कोणी नाही. त्या दिवसांत बचत गटातल्या बायका रोज संध्याकाळी येऊन विचारायच्या आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. पैशाचं नुकसान भरून निघतं, पण ज्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर परदेशी ऑर्डर घेतली होती तिचा हिरमुसला चेहरा मला अजून आठवतो. १५ ऑक्टोबरला सेवा सुरू झाली ती नव्या रीतीने: जकात बुकिंगच्या वेळी इथेच भरायची, तिकडे गिऱ्हाइकाकडून काही घेतलं जाणार नाही. तेव्हा भारतीय मालावर जाहीर किमतीच्या सरसकट ५० टक्के. म्हणजे ४,००० रुपयांच्या गोधडीवर २,००० रुपये जकात, टपालखर्च निराळा. हे दर तिकडच्या राजकारणाबरोबर हलतात, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर काउंटरवर विचारल्याशिवाय अमेरिकेच्या गिऱ्हाइकाला अंतिम किंमत सांगू नका. एक मात्र बरं झालं. पूर्वी तिकडे दारात अचानक पैसे मागितले जाण्याची जी धास्ती असायची ती या रीतीत राहत नाही. किमतीत जकात धरा आणि ‘याच्यावर तुम्हाला एक पैसाही द्यायचा नाही’ असं स्पष्ट लिहा. महाग वाटून काही गिऱ्हाइकं जातील. जी राहतील ती भांडणार नाहीत.

तुमच्या जर्मनीच्या पार्सलचं दुखणं नेमकं याच्या उलट आहे. युरोपीय संघात पूर्वी २२ युरोपर्यंतच्या मालाला करमाफी होती. ती १ जुलै २०२१ ला संपली. आता त्याच्या आतल्या स्वस्त मालावरही मूल्यवर्धित कर लागतो, जर्मनीत तो १९ टक्के. १५० युरोपर्यंतच्या मालासाठी ‘आयओएसएस’ नावाची सोय आहे: कर विक्रीच्या वेळीच घ्यायचा आणि त्याचा नोंदणी क्रमांक पार्सलच्या माहितीत द्यायचा. एत्सीसारखी मोठी ऑनलाइन बाजारपेठ हा कर स्वतः कापून घेते आणि तुम्हाला तो क्रमांक देते. ‘आयएम’ने सुरू होतो, पुढे दहा आकडे. इथेच माझ्या ओळखीच्या किती तरी बायका फसल्या. क्रमांक नुसता खोक्यावर पेनाने लिहिला, पण बुकिंगच्या संगणकात भरला गेला नाही. तिकडचं कस्टम संगणकातलंच बघतं. मग ज्याने विकत घेतानाच कर भरलाय त्याच्याकडे पुन्हा कर मागतात, वर टपाल खात्याची हाताळणी फी. अशा गिऱ्हाइकाने पार्सल नाकारलं तर त्याला काय बोल लावणार? काउंटरवरून पावती हातात आली की तिथेच उभं राहून तो क्रमांक तिच्यावर उमटलाय का बघा, आणि नसेल तर पार्सल पुढे जाऊ देऊ नका.

तुम्ही इन्स्टाग्रामवरून थेट विकत असाल तर तुमच्याकडे असा क्रमांक नसणार, आणि स्वतःचा काढायचा तर युरोपात मध्यस्थ नेमावा लागतो. महिन्याला चार गोधड्या विकणाऱ्या घराला ते परवडत नाही. मग एकच वाट: ऑर्डर घेण्याआधी लिहून सांगायचं की तुमच्याकडे १९ टक्के कर आणि टपालाची फी मागतील, ती तुमची. ‘मान्य आहे’ असं त्याच्याकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय मी खोकं बांधत नसे. आणखी एक गोष्ट आहे, ती तुम्हाला आवडणार नाही. १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपात उत्पादन सुरक्षेचा नवा नियम लागू आहे. तुमच्या मालासाठी जबाबदार अशी व्यक्ती किंवा संस्था युरोपातच असली पाहिजे आणि तिचं नाव-पत्ता मालासोबत हवा. तो नियम करताना गोधडी शिवणारी बाई कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हती, हे उघड आहे. मी त्या दिवसापासून युरोपातल्या नव्या थेट ऑर्डरी घेणं थांबवलं, तिकडच्या एका दुकानदाराला घाऊक माल देते आणि तो स्वतः आयातदार होतो. भाव कमी मिळतो, झोप पूर्ण लागते. तुम्हालाही तेच सुचवीन.

इंग्लंडला १३५ पौंडांपर्यंत आणि ऑस्ट्रेलियाला १,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत, बाजारपेठेतून विकलं तर कर तीच भरते. तिथे तुम्हाला करापेक्षा वर्णनाची काळजी जास्त घ्यायची आहे. यावरून माझ्याच एका पार्सलची गोष्ट सांगते.

मी रंगवलेल्या लाकडी फळांचा संच ऑस्ट्रेलियाला पाठवला होता. आंबा, केळं, सीताफळ, काजू. लहान मुलीच्या वाढदिवसासाठी. अर्जात मी इंग्रजीत ‘रंगवलेली लाकडी फळं, खेळणी’ असं लिहिलं. संगणकात वर्णनाचा रकाना छोटा होता, आणि लिहिता-लिहिता त्यात उरलं फक्त ‘फळं’. ऑस्ट्रेलियात ताजं फळ, बी, माती यांवर किती कडक नजर असते ते तुम्हाला माहीत असेल. पार्सल बाजूला काढलं, उघडलं, तपासलं. फळं लाकडाची निघाली तेव्हा लाकडाला साल किंवा कीड नाही ना, हे बघायला ती पुन्हा थांबवली. खोकं पोचलं तेव्हा वाढदिवस होऊन महिना उलटला होता आणि सीताफळाचा देठ तुटलेला होता. त्या आईने एका शब्दाने तक्रार केली नाही, म्हणून मला जास्तच लागलं. तेव्हापासून मी वर्णनाचा पहिला शब्द असा निवडते की बाकीचं सगळं कापलं गेलं तरी वस्तू कळावी. ‘खेळणं’ आधी, लाकूड नंतर, फळाचा आकार सर्वांत शेवटी.

तुमच्या बाबतीत पहिला शब्द ‘क्विल्ट’. ‘हँडिक्राफ्ट’, ‘कॉटन आयटम’, ‘गिफ्ट’ असले मोघम शब्द अजिबात नकोत. युरोपाचं कस्टम माल विमानात चढायच्या आधी त्याची माहिती संगणकावर मागतं आणि अशा शब्दांवर पार्सल तिथेच अडवलं जाऊ शकतं. सोबत मालाचा एचएस कोड, म्हणजे कस्टमला मालाचा प्रकार सांगणारा आकडा. कोडांच्या २०२२ च्या सुधारणेत रजया-गोधड्यांना ९४०४ ४० असं स्वतंत्र स्थान मिळालंय. पिशव्या ४२०२ मध्ये येतात. गोधडी जुन्या साड्यांची असेल तर ‘ओल्ड सारीज’ असं उघडं लिहू नका, वापरलेले कपडे समजून निराळे प्रश्न सुरू होतात. ‘सुती क्विल्ट, हाताने शिवलेली, धुतलेल्या पुनर्वापराच्या कापडाची’ हे खरंही आहे आणि पुरेसंही. कोपऱ्यात एक छोटी कापडी पट्टी शिवा: कापडात सूत किती टक्के, आणि ‘मेड इन इंडिया’. अमेरिकेला ती लागतेच.

आणि विकलेल्या वस्तूवर ‘भेट’ लिहू नका, गिऱ्हाईक कितीही गळ घालो. किंमतही कमी दाखवू नका. पार्सल हरवलं तर भरपाई जाहीर किमतीच्या वर कधीच मिळत नाही. तीन हजारांच्या गोधडीवर पाचशे लिहिले तर तुम्हीच ती पाचशेची ठरवली.

कुरिअरच्या भावाबद्दल. गोधडी हलकी पण फुगीर, तिथेच मार बसतो. कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारण ५,००० ने भागतात आणि येणारा आकडा किलो म्हणून धरतात. तुमचं खोकं ४० × ३५ × २५ असेल तर वजन काट्यावर अडीच किलो आणि बिलात ७ किलो. हवा काढून घेणाऱ्या पिशवीत तीच गोधडी घालून खोकं ४० × ३० × १२ चं केलंत तर आकडा २.८८ वर येतो. आधी गोधडी दोन दिवस कडक उन्हात टाका, नाहीतर बंद पिशवीत कुबट वास धरते. मी एकदा पावसाळ्यात घाई केली आणि तो वास परतीच्या खोक्यातून माझ्यापर्यंत आला. एवढं करून मग कुरिअरचा आणि स्पीड पोस्टचा भाव शेजारी-शेजारी मांडा. दोन किलोच्या आतल्या पिशव्यांना आंतरराष्ट्रीय ट्रॅक्ड पॅकेट ही सेवा विचारा, सगळ्या देशांना ती नसते, पण जिथे आहे तिथे स्वस्त पडते.

जुन्या पद्धतीने कापडात शिवून लाखेचा शिक्का मारलेलं पार्सल मला फार आवडतं, माझी आई तसंच बांधायची. पण कापडावर बारकोड चिकटत नाही, सुरकुततो, आणि मशीनला वाचता येत नाही. पुठ्ठ्याचं नवं खोकं घ्या. बारकोडवर चकाकती टेप लावू नका. बिलाच्या तीन प्रती पारदर्शक पाकिटात बाहेर चिकटवा. बाहेर बिल नसलं की कस्टम थेट गिऱ्हाइकाला पत्र पाठवून कागद मागतं, तो वैतागतो आणि मुदत निघून जाते. एक प्रत आत, दोन्ही पत्ते आणि गिऱ्हाइकाचा फोन नंबर लिहून.

इथली नोंदणी तुमच्याकडे आहे की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. विक्रीचा माल पाठवायला आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक, लागतो, फी ५०० रुपये, घरबसल्या ऑनलाइन निघतो. तो असला की डाकघर निर्यात केंद्राच्या संकेतस्थळावर खातं उघडून निर्यातीचं बिल, म्हणजे कस्टमला द्यायचा अर्ज, तुम्ही घरीच भरू शकता आणि छापलेलं लेबल लावून खोकं केंद्रावर देऊ शकता. माझ्या मते हीच सगळ्यांत मोठी सुधारणा आहे, कारण वर्णन, कोड, कराचा क्रमांक हे सगळं तुम्ही तुमच्या हाताने, शांतपणे भरता. काउंटरवरच्या माणसावर मी राग काढत नाही. त्याच्यासमोर रांग असते, मनीऑर्डर असते, आधार असतं, आणि परदेशी पार्सलचं प्रशिक्षण कित्येकांना नीट मिळालेलं नसतं. पण त्याच्या घाईची किंमत आपण का मोजायची? जवळचं केंद्र कोणतं ते शोधा, लांब असलं तरी आठवड्यातून एकदा सगळी पार्सलं एकत्र घेऊन जा.

आता तुमची अडकलेली दोन खोकी. जर्मनीचं आधी, कारण तिथे वेळ कमी आहे. बुकिंगच्या अर्जात एक रकाना असतो: पोचलं नाही तर परत पाठवावं की सोडून द्यावं. तुमच्या प्रतीवर कुठे खूण आहे ते बघा. ‘सोडून द्यावं’वर असेल तर गोधडी परत येणार नाही. गिऱ्हाइकाला आजच लिहा की कराची रक्कम तुम्ही त्याला परत कराल, त्याने पार्सल सोडवून घ्यावं. दोन हजारांच्या आसपास जातील, पण गोधडी वाचेल. ‘परत’वर खूण असेल आणि तो तरीही तयार नसेल, तर निर्यातीच्या बिलाची प्रत जपून ठेवा. खोकं परत आलं की आपल्याच कस्टमला दाखवावं लागतं की हा तुमचाच माल आहे, नवा आयात केलेला नाही.

अमेरिकेसाठी पावती, बिल आणि तिकडच्या संकेतस्थळाचा छापलेला कागद घेऊन बुकिंग केलं त्याच कार्यालयात जा आणि लेखी चौकशी द्या. तोंडी विचारून परत येऊ नका. चौकशीला पार्सल टाकल्यापासून सर्वसाधारणपणे सहा महिन्यांची मुदत असते, पण स्पीड पोस्टला थांबूच नका, या आठवड्यातच द्या. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या आणि त्याच दिवशी तो गिऱ्हाइकाला पाठवा. पैसे मात्र लगेच परत करू नका. तिला एक तारीख द्या, समजा आजपासून एकवीस दिवस, की तोवर खोकं आलं नाही तर नवी गोधडी किंवा पूर्ण पैसे, जे ती म्हणेल ते. आणि ती तारीख आली की, चौकशीचं उत्तर आलेलं असो वा नसो, शब्द पाळा.